जॅझ ऐकायचंय? रेडिओ निवेदकासारखा कान तयार करा

जॅझच्या मुरलेल्या रेडिओ निवेदकाला एक खोड असते. रेकॉर्ड संपली की नुसतं धुनेचं नाव सांगून तो मोकळा होत नाही. ट्रम्पेटवर कोण होतं, ड्रम्सवर कोण बसलं होतं, ध्वनिमुद्रण कुठल्या शहरात आणि कोणत्या तारखेला झालं, हे सगळं सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. नव्या श्रोत्याला ही जंत्री वाटते. पण जॅझमध्ये शिरायची खरी वाट तीच आहे, कारण हे संगीत त्या दिवशी त्या खोलीत जमलेल्या माणसांनी घडवलेलं असतं. तीच धून, तोच वादक, पण आठवड्यानंतर साथीला दुसरा ड्रमर आला की रेकॉर्ड वेगळी होते.

म्हणून स्विंग, बीबॉप, कूल, हार्ड बॉप या शैलींच्या इतिहासापासून सुरुवात करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ती लेबलं आपोआप कळत जातात. आधी माणसं आणि तारखा धरा.

पायरी १: एकच रेकॉर्ड घ्या आणि पुरवून पुरवून ऐका

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. सगळेच हिचं नाव सुचवतात, मीही सुचवतो, कारण नवख्या कानाला इतकी मोकळी जागा देणारी रेकॉर्ड दुसरी चटकन सापडत नाही. न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता. तिथे 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959 अशा दोन दिवशी हिचं ध्वनिमुद्रण झालं.

अख्खी रेकॉर्ड नको, पहिली ‘सो व्हॉट’ तेवढी लावा. हेडफोन घ्या, मोबाइलच्या स्पीकरवर डबल बेस ऐकूच येत नाही, आणि इथे तर मुख्य धून बेसच वाजवतो. सुरुवातीला पियानोवर बिल इव्हान्स आणि बेसवर पॉल चेंबर्स लय न धरता थोडं चाचपडल्यासारखं वाजवतात. मग लय लागते. बेस एक ओळ म्हणतो, बाकीचे सगळे तिला दोनच कॉर्डनी (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांनी) उत्तर देतात. पुन्हा ओळ, पुन्हा उत्तर. काही वेळाने हेच सगळं अर्ध्या स्वराने वर सरकतं आणि परत खाली येतं. झाली धून.

आता साधारण दीड मिनिटाच्या सुमाराला कान टवकारा. माइल्सचा सोलो (एकट्याचं उत्स्फूर्त वादन) सुरू होतो त्या ठिकाणी ड्रमर जिमी कॉब झांजेवर एक जबरदस्त ठोका देतो. एवढ्या शांत वाजवण्यात तो ठोका जरा मोठाच पडलेला आहे. त्याची आस विरायला चांगला वेळ लागतो, आणि तेवढ्यात माइल्स दोन-चार स्वर टाकून पुढे गेलेला असतो. दुसरा कोणी असता तर त्या ठोक्याला उत्तर म्हणून स्वरांचा मारा केला असता. माइल्स जवळपास काहीच करत नाही. हा क्षण एकदा पकडला की रेकॉर्डवरची माणसं एकमेकांचं ऐकतायत हे लख्ख कळतं.

नंतरच्या प्रत्येक ऐकण्यात एकाच वाद्याच्या मागे लागा. एकदा फक्त बेस, एकदा फक्त झांज. मग तीन फुंकवाद्यांचे सोलो: आधी माइल्सचा ट्रम्पेट, मग जॉन कोलट्रेनचा टेनर सॅक्सोफोन, मग कॅननबॉल अॅडर्लीचा आल्टो. कोलट्रेनचा आवाज ताठ आणि टोकदार आहे, कॅननबॉलचा गोलसर, हसरा. नाव न वाचता दोघं ओळखता आले की ही पायरी संपली.

पायरी २: बोटांवर मोजायला शिका

जॅझ ऐकताना ‘हे कुठे चाललंय’ असं वाटतं, कारण चौकट दिसत नाही. चौकट असतेच. चार मात्रांचा एक बार. ब्लूजचं एक आवर्तन 12 बारचं. लोकप्रिय गाण्यांवरून घेतलेल्या बहुतेक धुना 32 बारच्या, म्हणजे आठ-आठचे चार तुकडे: पहिला, दुसरा आणि चौथा सारखा, तिसरा वेगळा. ‘सो व्हॉट’ याच घाटाची आहे. ते अर्ध्या स्वराने वर सरकणं म्हणजे तिसरा तुकडा.

सुरुवातीला सगळे मिळून धून वाजवतात, मग त्याच आवर्तनावर एकेक जण सोलो घेतो, शेवटी पुन्हा धून. सोलो कितीही भरकटल्यासारखा वाटला तरी खाली आवर्तन चालू असतं. त्याच रेकॉर्डवरची दुसरी धून, ‘फ्रेडी फ्रीलोडर’, 12 बारचा ब्लूज आहे. पियानोवर विंटन केली आहे (या एकाच धुनेपुरता, बाकी सगळीकडे बिल इव्हान्स). केलीच्या सोलोबरोबर बोटांवर बार मोजा. पहिल्यांदा हिशेब हमखास चुकेल. चुकला की थांबू नका, पुढचं आवर्तन लागताना कॉर्ड बदलल्याचं कानाला कळतं, तिथून पुन्हा धरा. यासाठी नोटेशन वाचता यायची काही गरज नाही.

पायरी ३: पाकिटावरची नावं वाचा आणि आडव्या वाटेने जा

रेकॉर्ड आवडली की त्याच कलाकाराची पुढची रेकॉर्ड लावायची, ही आपली सवय. निवेदक तसं करत नाही. तो साथीदाराचा माग काढतो.

‘काइंड ऑफ ब्लू’च्या सहा-सात नावांतून किती दारं उघडतात पाहा. कॅननबॉल आवडला? त्याची 1958ची ‘समथिन् एल्स’ ऐका. तिथे नाव कॅननबॉलचं आहे आणि साथीला चक्क माइल्स. पॉल चेंबर्सचा बेस आवडला तर कोलट्रेनच्या 1957च्या ‘ब्लू ट्रेन’वर तो भेटेल. बिल इव्हान्स आवडला तर न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हँगार्ड क्लबमध्ये 25 जून 1961 रोजी मुद्रित झालेला त्याचा त्रिकूट-कार्यक्रम ऐका: बेसवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. तिथे बेस नुसती साथ करत नाही, पियानोशी बरोबरीने बोलतो. मागे ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबुज ऐकू येते. लाफारो त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत मोटार अपघातात गेला, वय अवघं 25.

साथीदारांबरोबर ध्वनिमुद्रकाचं नावही वाचत जा. ब्लू नोट कंपनीच्या 1950 आणि 60च्या दशकांतल्या रेकॉर्डवर रुडी व्हॅन गेल्डर हे नाव सारखं दिसेल. हा गृहस्थ दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि न्यू जर्सीतल्या हॅकनसॅकला आई-वडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. 1959मध्ये त्याने इंगलवुड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ उभारला. कोलट्रेनची ‘अ लव्ह सुप्रीम’ डिसेंबर 1964मध्ये तिथेच झाली. फुंकवाद्यं अगदी कानाशी वाजल्यासारखी ऐकू येणं ही त्याची सही.

पायरी ४: तीन मिनिटांच्या काळात उतरा

कोलंबियाने 1948मध्ये लाँग-प्ले रेकॉर्ड आणली. त्याआधीची दहा इंची, मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजायची. म्हणजे 1920 ते 40च्या दशकांतल्या कलाकारांना जे सांगायचं ते तीन मिनिटांत बसवावं लागे. खरखर आहे, बेस पुसट आहे, मान्य. पहिली दोन-तीन गाणी त्रास होईल; मग कान स्वतःच खरखर बाजूला सारतो. आवाज फार मोठा ठेवू नका आणि एका बैठकीत चार-पाचच ऐका, तीसचा सेट लावून बसलात तर सगळं सारखंच वाटेल.

लुई आर्मस्ट्राँगची ‘वेस्ट एंड ब्लूज’ (शिकागो, 28 जून 1928) इथलं पहिलं ठाणं. सुरुवातीला एकटा ट्रम्पेट, साथीला कोणी नाही, काही सेकंदांचा मामला, आणि त्यात तो वर चढून असा खाली कोसळतो की पुढची पिढीच्या पिढी ते पाठ करत बसली. पियानोवर अर्ल हाइन्स आहे. शेवटच्या आवर्तनात आर्मस्ट्राँग एकच वरचा स्वर धरून ठेवतो. तो किती बार टिकतो हे मोजा, म्हणजे दुसरी पायरी पक्की झाली का ते कळेल.

दुसरं ठाणं टेनर सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सचं ‘बॉडी अँड सोल’ (न्यूयॉर्क, 11 ऑक्टोबर 1939). पाच वर्षं युरोपात काढून तो नुकताच परतला होता. हे मूळचं एक लोकप्रिय प्रेमगीत. हॉकिन्स त्याची चाल पहिल्या काही बारांत दाखवतो न दाखवतो तोच सोडून देतो आणि दोन आवर्तनं नव्याने रचत जातो. मूळ चाल ओळखीची नसेल तर आधी एखाद्या गायिकेचं साधं ‘बॉडी अँड सोल’ ऐकून या. बिली हॉलिडेचं आहे, सारा व्हॉनचं आहे. हॉकिन्सने काय गाळलं हे त्याशिवाय कळायचं नाही.

या काळात एक मोठी पोकळी आहे. ऑगस्ट 1942पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रेकॉर्ड कंपन्यांवर बहिष्कार टाकला. तो पुरता मिटायला नोव्हेंबर 1944 उजाडला. नेमका याच दोन वर्षांत बीबॉप (वेगवान, गुंतागुंतीचा नवा जॅझ) आकाराला येत होता. त्यामुळे आल्टो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची ‘को-को’ (26 नोव्हेंबर 1945) ऐकताना हे सगळं एकदम आकाशातून पडल्यासारखं वाटतं. ‘चेरोकी’ या गाण्याच्या कॉर्डवर ती उभी आहे. त्या सत्राचा एक अर्धवट टेकही (मुद्रणाचा एक प्रयत्न) उपलब्ध आहे: वादक ‘चेरोकी’ची मूळ चाल वाजवायला लागतात आणि मध्येच थांबवले जातात. कॉर्डच्या मालिकेवर कोणाची मालकी नसते, चालीवर असते. तो अर्धवट टेक आणि पूर्ण ‘को-को’ लागोपाठ ऐका. अशी जोडी लावायला मिळाली की निवेदक खूश असतो.

पायरी ५: कोणती आवृत्ती ऐकताय ते तपासा

नवखे ही पायरी गाळतात, आणि रेडिओवरच्या माणसांचा जीव नेमका इथे अडकलेला असतो.

जुलै 1956, न्यूपोर्ट जॅझ महोत्सव. ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद. महोत्सवातला ऐन रात्रीचा शेवटचा कार्यक्रम, लोक घराकडे निघायच्या बेतात. एलिंग्टनने ‘डिमिन्युएंडो अँड क्रेशेंडो इन ब्लू’ ही आपली जुनी रचना काढली आणि तिच्या दोन भागांच्या मधे टेनर सॅक्सोफोनवाल्या पॉल गोन्झाल्वेझला मोकळं सोडलं. त्याने 12 बारची 27 आवर्तनं घेतली. लोक खुर्च्यांवर चढले, नाचायला लागले. उतरणीला लागलेल्या एलिंग्टनचं नाव या एका रात्रीने पुन्हा वर आणलं. पुढच्याच महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो होता.

पण कोलंबियाने काढलेल्या रेकॉर्डवर गोन्झाल्वेझ दूर कुठेतरी वाजवतोय असं ऐकू येतं. कारण मंचावर दोन माइक होते, एक कोलंबियाचा आणि एक व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारच्या रेडिओचा, आणि गडी वाजवत होता रेडिओच्या माइकमध्ये! शिवाय इतर काही भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यावर टाळ्या चिकटवल्या होत्या. कित्येक वर्षं लोकांनी हीच ‘प्रत्यक्ष मैफल’ म्हणून ऐकली. पुढे व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप हाती आली. मग दोन्ही मुद्रणं काट्याला काटा जुळवून बसवली गेली, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या, आणि 1999मध्ये ती मैफल अखेर स्टीरिओत, अस्सल टाळ्यांसह बाहेर आली. या कामामागे होता फिल शाप, न्यूयॉर्कच्या डब्ल्यूकेसीआर या विद्यापीठीय केंद्रावरचा निवेदक. म्हणजे बिघडलं रेडिओच्या माइकमुळे आणि सुधारलं रेडिओच्याच माणसाने.

तेव्हा न्यूपोर्टची मैफल घ्याल तर 1999ची संपूर्ण आवृत्ती घ्या. गोन्झाल्वेझच्या पहिल्या आवर्तनापासून मोजा. सहाव्या-सातव्याच्या आसपास गर्दीचा आवाज चढू लागलेला जाणवेल.

‘काइंड ऑफ ब्लू’चीही अशीच गंमत. 2 मार्चच्या सत्रात टेपयंत्र किंचित मंद फिरत होतं, त्यामुळे मूळ रेकॉर्डची पहिली बाजू वाजवताना थोडी चढ्या स्वरात लागायची. 1990च्या दशकातल्या पुनर्मुद्रणात ते दुरुस्त झालं. तुम्ही स्वतः एखादं वाद्य जुळवून रेकॉर्डबरोबर वाजवणार असाल तर हा फरक लगेच खुपेल.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा: ध्वनिमुद्रणाची तारीख वेगळी, प्रकाशनाची वेगळी. पियानोवादक थेलोनियस मंक आणि कोलट्रेन न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एकत्र वाजले 29 नोव्हेंबर 1957 रोजी. तीही टेप व्हॉइस ऑफ अमेरिकाचीच. ती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली आणि प्रसिद्ध झाली 2005मध्ये. संगीताच्या अॅपवर अशा रेकॉर्डपुढे बरेचदा प्रकाशनाचं, कधीकधी तर पुनर्मुद्रणाचं साल छापलेलं असतं. त्यावर विसंबून ‘हा कोलट्रेनचा उत्तरकाळ’ वगैरे निष्कर्ष काढलात तर फसाल.

पायरी ६: चांगल्या निवेदकाच्या हाताखाली शिका

फिल शापचा ‘बर्ड फ्लाइट’ हा कार्यक्रम 1981पासून रोज सकाळी, आठवड्याच्या कामाच्या दिवशी, फक्त चार्ली पार्करला वाहिलेला असे. जवळपास चार दशकं! बोलण्याच्या भरात संगीतापेक्षा निवेदन लांबायचं अशी त्याच्यावर टीका व्हायची आणि ती खोटी नव्हती. पण तीन मिनिटांच्या तबकडीवर वीस मिनिटं बोलता येतं हे कळायला असा माणूस एकदा तरी ऐकावा. तो 2021मध्ये गेला. डब्ल्यूकेसीआर अजूनही कलाकारांच्या वाढदिवसाला दिवसभर त्यांचंच संगीत लावतं. आर्मस्ट्राँगचे तर दोन वाढदिवस होतात, 4 जुलै आणि 4 ऑगस्ट. पहिला तो स्वतः मानायचा तो, दुसरा बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून निघालेला. इंटरनेटवर हे केंद्र कुठूनही लागतं.

दुसऱ्या टोकाला विलिस कोनोव्हर. 1955पासून व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या शॉर्टवेव्हवर त्याचा जॅझचा तास असे. इंग्रजी बेताचं असणाऱ्या परदेशी श्रोत्यांसाठी तो मुद्दाम सावकाश, सोप्या शब्दांत बोलायचा. सोव्हिएत गटातल्या देशांत जॅझ शिकलेले कितीतरी वादक त्याचं नाव गुरूसारखं घेतात. खुद्द अमेरिकेत मात्र तो फारसा कोणाला ठाऊक नव्हता, कारण व्हॉइस ऑफ अमेरिकाला देशातल्या श्रोत्यांसाठी प्रसारण करायला कायद्यानेच मनाई होती.

शाप तपशिलाचा, कोनोव्हर संयमाचा. मला शापचा वेडेपणा अधिक भावतो, पण पहिल्या महिन्यात कोनोव्हरच बरा.

पायरी ७: स्वतःचा एक तास बांधा

आता ऐकलेलं पक्कं करायचं तर कोणासाठी तरी एक कार्यक्रम लावा. श्रोता एकच मित्र असला तरी चालेल. सूत्र एकच माणूस ठेवा. लेस्टर यंग यासाठी फार सोयीचा, आणि त्याच्या गोष्टीत रेडिओही आहे.

काउंट बेसीच्या ‘वन ओ’क्लॉक जंप’ने (1937) उघडा, दोन टेनर सॅक्सोफोन ऐकू येतील, जाड आवाजाचा हर्शल इव्हान्स आणि हलक्या, तरंगत्या आवाजाचा लेस्टर. निवेदनात सांगा की कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमधून होणारं बेसीचं प्रसारण 1936मध्ये रेकॉर्ड-निर्माता जॉन हॅमंडला शिकागोत मोटारीच्या रेडिओवर लागलं, आणि तिथून हा वाद्यवृंद देशभर पोचला. मग 1937चंच बिली हॉलिडेचं ‘ही’ज फनी दॅट वे’. लेस्टर तिच्या शब्दांच्या मागेमागे कसा चालतो ते बघा. त्यानंतर वीस वर्षांची उडी घेऊन ‘फाइन अँड मेलो’, सीबीएस दूरचित्रवाणी, 8 डिसेंबर 1957. लेस्टर तेव्हा खचलेला, आजारी. त्याच्या वाट्याला ब्लूजचं फक्त एक आवर्तन येतं, 12 बार, आणि तेवढ्यात तो अगदी थोडे स्वर वाजवतो. शेवटी बेसवादक चार्ल्स मिंगसची ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’. लेस्टर मार्च 1959मध्ये गेला. मिंगसने मे महिन्यात त्याच्या स्मरणार्थ ही मुद्रित केली. पोर्क पाय ही लेस्टरच्या डोक्यावर कायम असणारी चपटी टोपी.

चारच रेकॉर्डनी तास भरत नाही, मधल्या जागा तुम्ही शोधा. दोन सारख्या लयीच्या धुना शेजारी ठेवू नका. संगीत वाजत असताना बोलू नका, आणि शेवटचा स्वर विरायच्या आत आवाज खाली आणू नका. नावं आधी थोडक्यात आणि नंतर सविस्तर सांगा. ऐकून झाल्यावर माणसाला ‘तो सॅक्सोफोन कोणाचा’ हे जाणून घ्यायचं असतं, आधी त्याला काही पडलेली नसते. तारीख सांगताना कागद समोर ठेवा. आणि ‘फाइन अँड मेलो’पाशी जपून: त्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या चार दिवस आधी, 4 डिसेंबरला, कोलंबियाने जवळपास त्याच मंडळींना घेऊन ही धून स्टुडिओत वेगळी मुद्रित केली होती. लेस्टर दोन्हींत आहे, सोलो वेगवेगळे आहेत. यातली कोणती लावताय ते श्रोत्याला सांगा.